दीपनगरच्या आप्पांना, ज्यांनी माझं समीकरण डायरीत उतरवून घेतलं

आप्पा, नमस्कार.

मागच्या आठवड्यात पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला, ते तुम्हाला फोनवर सांगितलंच. पण तुम्ही "बरं झालं, जेवलीस का" एवढं विचारून फोन काकूंकडे दिला आणि मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. तुम्हाला असलं जाहीर कौतुक आवडत नाही हे माहितीये, म्हणून नाव टाकत नाही. भुसावळमध्ये दीपनगरच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर झालेले आप्पा काय एकटे तुम्हीच आहात का, गल्लीगल्लीत दोन सापडतील. त्यामुळे काळजी करू नका, कोणी पेढे मागायला येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगते, नाहीतर त्यांना वाटेल या पोरीने अशी काय पीएचडी केली की तिला पॉवर स्टेशनच्या माणसाचे आभार मानावे लागतात. माझा विषय फिजिक्समधला, सिंक्रोनायझेशन. आपापल्या वेगाने चालणाऱ्या पुष्कळ गोष्टी एकमेकांना जोडल्या की कधीकधी सगळ्या एका तालात येतात, कोणी पुढे उभं राहून ताल देत नसताना. 1665 साली ह्यूजेन्स नावाचा शास्त्रज्ञ आजारी होऊन अंथरुणात पडला होता, समोर एकाच लाकडी दांड्याला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं. बघतो तर दोन्ही लंबक बरोबर एकमेकांच्या उलट झुलतायत, एक डावीकडे की दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवलं तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच. दांडा अगदी बारीक हलत होता आणि त्या हलण्यातून एका घड्याळाची खबर दुसऱ्याला पोचत होती. पुढे 1975 मध्ये जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी यासाठी एक सुटसुटीत समीकरण मांडलं. प्रत्येकाचा स्वतःचा वेग आणि त्याच्यावर बाकी सगळ्यांची थोडी थोडी ओढ. ही ओढ एका मर्यादेच्या खाली असली की सगळा गोंधळ, मर्यादा ओलांडली की एक गट एकदम जुळायला लागतो. हृदयाचे ठोके देणाऱ्या पेशी, आग्नेय आशियात नदीकाठच्या झाडांवर एकदम चमकणारे काजवे, आणि आपल्या घरात जी वीज येते तिच्या मागची सगळी जनित्रं, या सगळ्यांचा अभ्यास या एका घराण्यातल्या समीकरणांनी होतो. मला एमएस्सीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, खरंच.

मी अमळनेर तालुक्यातली, घरी कपाशी. आमच्याकडे पोरगी फिजिक्स करते म्हणजे डीएड-बीएड करून शिक्षिका होणार एवढंच लोकांना माहीत. नात्यातल्यांनी लग्नाचं विचारलं, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाल्यावर पगाराचं विचारलं, पीएचडीला लागल्यावर तर दोन्ही विचारलं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना जे माहीत ते त्यांनी विचारलं. राग आहे तो ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांच्यावर. नावं घेत नाही, संस्था पण सांगत नाही. पण माझा पहिला चॅप्टर एका मोठ्या माणसाच्या टेबलावर कित्येक महिने पडून होता आणि परत आला तेव्हा कोपऱ्यातली पिन मी जशी मारली होती तशीच, आतलं एक पान दुमडलेलं नाही. दुरुस्ती फक्त पहिल्या पानावर होती, तिथे त्यांनी त्यांचं स्वतःचं पद वाढवून घेतलं होतं कारण मधल्या काळात प्रमोशन झालं. दुसरे एक साहेब कमिटीत होते. त्यांनी स्लाईडवर कुरामोतो हे नाव बघून विचारलं की "हे सगळं परदेशी, यात तुमचं काय?" आणि उत्तर ऐकायच्या आत मोबाईल घेऊन बाहेर गेले. एका मुलाखतीत तर माझ्या कामावर एकही प्रश्न नाही, बाहेर पडल्यावर शिपायाबरोबर निरोप आला की बाकीचं बोलायला वडिलांना पाठवा. बाकीचं म्हणजे काय ते महाराष्ट्रात नेट-सेट झालेल्या प्रत्येकाला माहितीये, मी इथे आकडा लिहून कोणाचा दिवस खराब करत नाही.

मग तासिका तत्त्वावर भुसावळला शिकवायला लागले, वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आणि खाली तुम्ही.

लाईट गेलेली, सगळी गल्ली ओट्यावर, काकूंनी मला खाली बोलावलं आणि तुम्ही विचारलं की काय शिकतेस. मी आपलं नेहमीचं छोटं उत्तर दिलं, कारण मोठं उत्तर दिलं की लोकांचे डोळे फिरतात, मला त्याची सवय झाली होती. तुम्ही म्हणालात, "सिंक्रोनायझेशन? ते तर आम्ही शिफ्टमध्ये करायचो." मला आधी वाटलं गंमत करताय. मग तुम्ही सांगायला लागलात, संच, म्हणजे वीज तयार करणारं अख्खं मशीन, चालू करताना तो ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडायचा कसा. व्होल्टेज जुळवायचं, फ्रिक्वेन्सी जुळवायची, मग सिंक्रोस्कोपवर बघायचं, म्हणजे दोघांच्या तालातला फरक दाखवणाऱ्या घड्याळासारख्या मीटरवर. काटा हळूहळू फास्टच्या बाजूला फिरत असला पाहिजे आणि बाराच्या जरा अलीकडे आला की ब्रेकर, म्हणजे जोडणारा मोठा स्विच, द्यायचा, कारण ब्रेकर लागायला पण वेळ लागतो, नेमका बारावर दिला तर उशीर झालेला असतो. चुकलं तर अख्ख्या मशीनला असा दणका बसतो की फाउंडेशनपर्यंत कळतं. मी तोपर्यंत फेज डिफरन्स, म्हणजे दोन तालांतला फरक, या गोष्टीवर शेकडो ग्राफ काढले होते आणि तो फरक हाताखाली धरलेला माणूस मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या रात्री मी तुम्हाला कुरामोतोचं समीकरण सांगितलं, टॉर्चच्या उजेडात, काकूंच्या वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे लिहून. तुम्ही फार काही बोलला नाहीत, कागद घडी करून खिशात घातला. मला वाटलं झालं, आता हा कागद गिरणीवर जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वर आलात. गुडघ्याचा त्रास असताना जिना चढून आलात, मला खाली हाक मारता आली असती. हातात तुमची ती वीज बोर्डाची जुनी डायरी, आणि त्यात निळ्या शाईने माझं समीकरण नीट उतरवलेलं, आणि प्रत्येक अक्षराच्या खाली मराठीत बारीक अक्षरात लिहिलेलं. ओमेगाच्या खाली "स्वतःचा वेग". के च्या खाली "ओढ". साईनच्या खाली "दोघांतला फरक". बेरजेच्या खुणेखाली "सगळ्यांची मिळून". थीटा तुम्ही थोडा जास्तच पोट फुगलेला काढला होता. आणि खाली एक ओळ सोडून प्रश्नचिन्ह. मग तुम्ही दारातच उभं राहून म्हणालात, "माले एक सांग माय, तुना समीकरणमा वजन कोठे शे?" म्हणजे तुझ्या समीकरणात वजन कुठे आहे.

आप्पा, मी हे पत्र त्या पानासाठी लिहितेय. तुम्ही नंतर पुष्कळ केलं, ते सगळं खरं, पण मला रडू आलं होतं ते तेव्हा. तुम्ही आत वळून कूलरकडे बघत उभे राहिलात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, किंवा दिसलं म्हणूनच वळला असाल. ज्यांना त्याचा पगार मिळतो त्यांनी माझ्या कामाची पिन उघडली नव्हती, आणि एका रिटायर माणसाने रात्री चष्मा लावून एकेक अक्षर उतरवून घेतलं, समजून घेतलं, आणि मग त्याला जे खटकलं ते सकाळी येऊन विचारलं. शाबासकी दिली नाही, "छान करतेस पोरी" म्हणाला नाही, ते तर सगळे म्हणतात. प्रश्न विचारला. आणि प्रश्न बरोबर होता.

कारण कुरामोतोच्या मूळ समीकरणात जडत्व नाहीये. काजव्याला चालतं तसं, पण जनित्राच्या रोटरला, त्या फिरणाऱ्या जड भागाला, नाही चालत. तुम्ही तेव्हा घरोटाचं, म्हणजे जात्याचं, सांगितलंत, दळण संपून खुंटा सोडला तरी वरची पाळ फिरत राहते, एकदम थांबत नाही आणि एकदम सुरू पण होत नाही. आणि 210 मेगावॉटच्या संचाचा रोटर, संच ट्रिप होऊन म्हणजे अचानक बंद पडल्यावर, कितीतरी वेळ आपोआप फिरत राहतो, मग त्याला बॅरिंग गियर नावाच्या यंत्रणेवर हळूहळू फिरवत ठेवावं लागतं नाहीतर शाफ्ट वाकतो, हे मला कुठल्याही पेपरने सांगितलं नव्हतं. जडत्वाचं पद घातलेलं कुरामोतोचं रूप आमच्या विषयात आहे, 1997 मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अभ्यासलं, 2008 मध्ये फिलाट्रेला, निल्सन आणि पेडरसन यांनी तेच रूप पॉवर ग्रिडला लावून दाखवलं. माझ्या आराखड्यात ते शेवटच्या पानावर "पुढील काम" या मथळ्याखाली एका ओळीत होतं, जसं सगळ्यांच्या असतं. तुमच्या प्रश्नानंतर ती ओळ उचलून मी पहिल्या पानावर आणली. नवीन गाईड मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या कर, त्यांचे पण आभार आहेतच पण त्यांना वेगळं पत्र लिहीन.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. मला माहीत नाही तुम्हाला किती मजा येत होती, काकू म्हणायच्या यांना पुन्हा ड्युटी लागली. मी तुम्हाला वॉट्स आणि स्ट्रोगॅट्स यांचा 1998 चा पेपर सांगितला, जो आमच्या विषयात सगळ्यांनी वाचलेला असतो, त्यात त्यांनी तीन खरी नेटवर्क घेतली होती, सिनेमातल्या नटांचं, एका बारक्या किड्याच्या मज्जासंस्थेचं आणि पश्चिम अमेरिकेच्या पॉवर ग्रिडचं. तुम्ही चित्र बघून पहिला प्रश्न विचारला की यात 400 केव्हीची मोठी लाईन कुठली आणि 132 केव्हीची लहान कुठली. मी म्हटलं, सगळ्या रेघा सारख्या धरल्यात. तुम्ही एवढे हसलात की काकू बाहेर आल्या. मग मी तो पेपर कशासाठी होता, नेटवर्कच्या आकाराबद्दल त्याला काय म्हणायचं होतं, ते समजावलं तर मानलंत पण, असं नाही की ऐकूनच घ्यायचं नाही.

ग्रिडमध्ये एक लाईन वाढवली तर कधीकधी सिंक्रोनायझेशन उलट बिघडू शकतं, हा विटहाउट आणि टिमे यांचा 2012 चा निष्कर्ष तर तुम्ही आठवडाभर मान्य केला नाहीत. रोज सकाळी जिन्यातून जाताना "नाही पटत" एवढं म्हणायचात. शेवटी चार जनित्रांचं छोटं जाळं वहीवर सोडवून दाखवलं, लाईन जोडल्यावर वीज कुठल्या वाटेने वळते आणि कुठली वाट जड होते ते बाण काढून, तेव्हा तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात की गणितात बरोबर आहे, पण मी डिस्पॅचला, कुठली वीज कुठे जाईल ते ठरवणाऱ्या केंद्रात, असतो तर तुझं ऐकलं नसतं. हे वाक्य मी व्हायवामध्ये सांगितलं, बाहेरून आलेले परीक्षक पण हसले.

आणि 2012 ची ती गोष्ट. 30 जुलैला पहाटे उत्तरेची ग्रिड बसली आणि 31 ला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही बसल्या, साठ कोटींच्या वर लोक अंधारात. दोन्ही दिवशी सुरुवात बिना-ग्वाल्हेर लाईनवरून झाली. हे सगळं माझ्याकडे रिपोर्टमध्ये होतं, तक्त्यासकट. पण आपली पश्चिमेची ग्रिड उभी राहिली आणि उत्तरेला जाणारी वीज अचानक घरात अडकल्यामुळे इकडे फ्रिक्वेन्सी खाली न जाता वर गेली, ते तुम्ही कंट्रोल रूममध्ये उभं राहून बघितलेलं. तुम्ही सांगितलंत की सगळ्यांना वीज कमी पडण्याची भीती असते, जास्त झाल्याची भीती त्या दुपारी कळली, आणि खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. माझ्या तिसऱ्या चॅप्टरमध्ये जनरेशन जास्त झालेल्या बाजूचं जे विश्लेषण आहे, ज्याचं परीक्षकांनी विशेष कौतुक केलं, ते तुम्ही हे सांगितलंत त्या संध्याकाळचं आहे. बाकी सगळे जण पडलेल्या बाजूकडे बघतात.

आता लोक म्हणतील भारावून गेली. असेन. पण मला एक कळत नाही. प्रश्न विचारायला काय लागतं? डिग्री लागत नाही, फंड लागत नाही, कॉलेजला मिळते ती नॅकची ग्रेड लागत नाही. समोरच्या माणसाने केलेलं काम अर्धा तास वाचायचं आणि जे समजलं नाही ते सरळ विचारायचं. आमच्याकडे मोठी माणसं "मला समजलं नाही" म्हणत नाहीत, ती म्हणतात "यात काही दम नाही". तुम्ही तीसेक वर्षं शिफ्टमध्ये काढली, तिथे न समजलेलं समजल्यासारखं दाखवलं तर मशीन उडतं, म्हणून असेल कदाचित. ज्युनियर पोरगा म्हणाला आवाज वेगळा येतोय, तर चीफ साहेब पण उठून टर्बाईनजवळ जायचे, असं तुम्ही सांगायचात. विद्यापीठांमध्ये काही उडत नाही हाच खरा प्रॉब्लेम आहे. पोरं सोडून जातात फक्त. माझ्याबरोबरच्या दोघी सोडून गेल्या, हुशार होत्या, माझ्यापेक्षा जास्तच, त्यांच्या खाली कोणी आप्पा राहत नव्हते. एक आता बँकेत आहे, सुखात आहे, पण अजून कधी रात्री मेसेज करते की तो आपला नेटवर्कचा निकाल कोणी छापला का गं.

आणि चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी लागतं, फी भरली, नोकरी लावून दिली, वशिला लावला. तुम्ही यातलं काहीच केलं नाही. उलट मी एकदा म्हटलं की प्रबंधाच्या आभारात तुमचं नाव पहिलं टाकते, तर रागावलात. म्हणालात पहिलं आईबापाचं टाक. टाकलंय. तुमचं दुसरं आहे, आता बदलता येणार नाही, बाइंडिंग झालं.

तर प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी काढलीये. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, तुम्हाला आवडेल तसं. दुसऱ्या चॅप्टरमध्ये एक आकृती आहे, सिंक्रोस्कोपचा काटा, ती तुम्ही वहीत काढून दिलेलीच कॉम्प्युटरवर नीट करून टाकलीये. चुका सापडल्या तर पेन्सिलीने खुणा करा, लाल पेन नको.

आणि एक बातमी आहे ती फोनवर नाही सांगितली. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, मिळालाय, दक्षिणेत एका संस्थेत, दोन वर्षांसाठी. विषय तुमचाच. आठवतंय, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या सोलरवरून आपलं बोलणं झालं होतं? तुम्ही म्हणाला होतात की ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि साक्रीच्या काचा वाढत चालल्या, पण काचेला वजन नसतं, मग एखादा मोठा संच अचानक गेला तर फ्रिक्वेन्सी धरून ठेवणार कोण. नेमकं तेच. सोलरची वीज इन्व्हर्टरमधून येते, त्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे असा वाटा वाढत गेला की फ्रिक्वेन्सी पडायला लागल्यावर टर्बाईनचा जोर कमीजास्त करणाऱ्या गव्हर्नरला हालचाल करायला मिळणारे ते सुरुवातीचे काही सेकंद कमी होत जातात. बॅटरी लावून, इन्व्हर्टरलाच रोटरसारखं वागायला शिकवून हे भरून काढता येतं का, आणि नेटवर्कमध्ये ते नेमकं कुठे कुठे लावायचं, सगळीकडे थोडं थोडं की मोजक्या जागी जास्त, यावर काम करायचंय. तिथल्या सरांनी इंटरव्ह्यूमध्ये विचारलं की हा प्रश्न कसा सुचला, मी सांगितलं ओट्यावर.

डेटा बघताना अडले की फोन करणार आहे, आधीच सांगून ठेवते. रात्री नऊनंतर, तुमच्या बातम्या संपल्यावर. काकूंना म्हणावं फोन स्पीकरवर ठेवा, नाहीतर तुम्ही अर्धं ऐकता आणि अर्ध्यावर भांडता. निघायच्या आधी रविवारी येते, प्रत घेऊन, आणि डायरीतल्या त्या पानाचा फोटो काढून घेणार आहे, नाही म्हणू नका.

तुमची वरच्या मजल्यावरची